ठासणीची बंदूक आणि भरणाऱ्याचा हात

नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी घालून गजाने ठासायची बंदूक काडतुसाच्या बंदुकीहून जुनी आहे, म्हणून ती तिच्याहून सौम्यही असावी, असा समज चांगल्या शिकलेल्या माणसांतही आढळतो, आणि प्रस्तुत विवेचनाचा सगळा रोख या समजाविरुद्ध आहे. काडतूस कारखान्यात तयार होते. त्यात दारू कोणती आणि किती घालायची, गोळी कुठवर बसवायची, हे तिथे यंत्राने मोजले आणि तपासले जाते, आणि नेमबाजाच्या हाती ते बंद होऊनच येते. ठासणीच्या बंदुकीत मात्र प्रत्येक बाराला नेमबाज स्वतःच नळीच्या आत नवे काडतूस घडवीत असतो, आणि ते घडवताना त्याच्या हातून झालेली चूक पकडणारा दुसरा कोणी मध्ये नसतो. त्यामुळे या बंदुकीची सुरक्षितता तिच्या यंत्रात जितकी आहे, त्याहून कितीतरी अधिक ती भरणाऱ्याच्या हाताच्या क्रमात आहे. जुन्या घडणीच्या प्रतिकृती बंदुकीकडे वळणाऱ्या नवशिक्याने नेमबाजीच्याही आधी हा क्रम शिकला पाहिजे.

छत्तीसगडातल्या भिलाईला, म्हणजे पोलाद कारखान्याच्या गावाला, हा विषय परका नाही. शेजारच्या दुर्गला मातीचा पुरातन किल्ला होता, आणि १७४१ साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजा छत्तीसगडात उतरल्या तेव्हा त्यांनी तिथेच तळ करून पुढच्या मोहिमा चालवल्या. त्यानंतर बिंबाजी भोसल्यांनी रतनपुराहून १७८७ पर्यंत या मुलखाचा कारभार पाहिला. आज दक्षिणेकडे बस्तरात आणि सीमेपलीकडे गडचिरोलीत जिला भरमार म्हणतात आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीत जिला ठासणीची बंदूक म्हणतात, ती याच कुळातली. जंगलपट्ट्यात ती विनापरवाना सापडली की पोलिसांच्या जप्तीच्या यादीत जाते, तर कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ती कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे आणि निवडणुका जाहीर झाल्या की पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. तेव्हा भारतात ठासणीची बंदूक ही केवळ संग्रहालयातली वस्तू नव्हे. तिची नवी प्रतिकृती हाती घेऊ पाहणारा इतिहासप्रेमी आणि रानडुकरांपासून पीक राखणारा शेतकरी यांच्यापुढचे धोके अगदी एकच आहेत, म्हणून या विवेचनात त्यांना वेगळे काढलेले नाही.

प्रथम यंत्राची ओळख करून घ्यावी लागेल. नळीचे मागचे टोक बंद असते आणि त्याच्याजवळ बाजूने एक बारीक छिद्र आतल्या दारूपर्यंत गेलेले असते; तोफेप्रमाणे त्यालाही जुन्या मराठीत कान म्हणत. बाहेरची ठिणगी या कानातून आत पोचवण्याच्या तीन रीती इतिहासात एकामागून एक आल्या. तोड्याच्या बंदुकीत सतत धुमसणारी दोरी, म्हणजे तोडा किंवा जामगी, चाप ओढताच खाली येऊन कानाजवळच्या लहानशा पात्रातल्या बारीक दारूला, म्हणजे रंजकाला, पेटवते. चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यात धरलेला गारगोटीचा तुकडा पोलादी पट्टीवर आपटून ठिणग्या रंजकावर पाडतो. केपाच्या बंदुकीत रंजकच नसते. तिथे आघाताने पेटणारे रसायन भरलेली तांब्याची इवलीशी टोपी, म्हणजे केप, एका पोकळ बोंडावर बसवतात आणि घोडा तिच्यावर पडला की ज्वाला थेट आत जाते. आघाताने पेट घेणाऱ्या रसायनाचा हा उपयोग अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश पाद्र्याने प्रथम केला आणि १८०७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. तांब्याची केप त्यानंतरच्या दोन दशकांत रूढ झाली. नवशिक्याला केपाची बंदूक त्यातल्या त्यात सोपी जाते, कारण तिच्यात उघडा विस्तव नसतो, उघडे रंजक नसते, आणि चाप ओढल्यापासून बार होईपर्यंतचा वेळही सर्वांत कमी असतो.

बंदुकीची दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे दाणेदार मिश्रण होय. कोळसा आणि गंधक हे जळण आहे आणि सोरा त्या जळणाला लागणारा प्राणवायू स्वतःतूनच पुरवतो, म्हणून ही दारू पेटली की तिच्यावर घोंगडी टाकून किंवा माती लोटून तिचा श्वास कोंडता येत नाही. ती उघड्यावर भस्सकन जळते आणि बंदिस्त जागेत स्फोट करते. दाणा जितका बारीक तितकी ती लवकर जळते. इंग्रजी 'एफ' या अक्षराने दाण्याची प्रत सांगतात, आणि जितके एफ अधिक तितका दाणा बारीक असतो. एक एफची दारू तोफेला आणि फार मोठ्या नळीला, दोन एफची मोठ्या बोअरच्या बंदुकीला, तीन एफची लहान बोअरच्या रायफलीला आणि पिस्तुलाला, आणि चार एफची केवळ रंजकाला, अशी साधारण वाटणी आहे. नेमकी प्रत आणि माप मात्र त्या त्या बंदुकीच्या निर्मात्याने दिलेल्या पत्रकातूनच घ्यावे.

येथे एका गोष्टीवर थांबून भर दिला पाहिजे, कारण अत्यंत गंभीर अपघात तिच्यामुळे होतात. आधुनिक काडतुसातली बिनधुराची दारू नायट्रोसेल्युलोजपासून बनते आणि बंदिस्त नळीत तिचा दाब काळ्या दारूच्या कितीतरी पट वर जातो. काडतूस फोडून त्यातली दारू ठासणीच्या बंदुकीत घालणे, किंवा 'थोडीशीच' म्हणून काळ्या दारूत मिसळणे, याचा परिणाम नळी फाटण्यात होतो, आणि ती फाटते तेव्हा भरणाऱ्याचा डावा हात आणि तोंड तिच्या अगदी जवळ असते. काळ्या दारूला पर्याय म्हणून बनवलेली काही खास मिश्रणे परदेशांत मिळतात, आणि ती वजनाने न मोजता काळ्या दारूच्या मापाच्या आकारमानाने मोजायची असतात. पण पर्याय या शब्दाचा आधार घेऊन डब्यावर स्पष्ट तसे लिहिलेले नसलेली कोणतीही दारू वापरणे सर्वथा वर्ज्य आहे. घरी दारू कुटून तयार करणे तर १८८४ च्या स्फोटक कायद्याने परवान्याशिवाय गुन्हाच आहे, आणि कायदा नसता तरी ते करू नये, कारण कुटणे, घासणे आणि वाळवणे या प्रत्येक पायरीवर ती पेटू शकते. या कायद्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे.

जुन्या बंदुकांच्या नव्या प्रतिकृती बनवण्याचा उद्योग मुख्यतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे. अमेरिकेत ठासणीच्या बंदुकीचा छंद जोपासणारी राष्ट्रीय संघटना १९३३ मध्येच उभी राहिली होती, पण मागणी खरी वाढली ती तिथल्या यादवी युद्धाच्या शताब्दीला, म्हणजे १९६१ ते १९६५ या काळात, आणि ती पुरवली उत्तर इटलीतल्या गार्दोने वाल त्रोम्पिया या बंदूकसाजांच्या गावाने. १९७१ मध्ये या नेमबाजीची आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली आणि तिच्या जागतिक स्पर्धांत तोड्याच्या बंदुकीचाही स्वतंत्र गट आहे. त्यातल्या एका प्रकाराला तानेगाशिमा हे जपानी बेटाचे नाव दिलेले आहे, कारण १५४३ मध्ये पोर्तुगीजांबरोबर तोड्याची बंदूक जपानात प्रथम तिथे उतरली. ज्या देशात तोड्याची बंदूक दीर्घकाळ वापरात राहिली, त्या भारतात या खेळाची परंपरा उभी राहू नये, ही खंत येथे नोंदवणे अप्रस्तुत ठरणार नाही.

प्रतिकृती निवडताना पाहायची पहिली गोष्ट म्हणजे नळीवरची परीक्षेची मोहोर. विक्रीपूर्वी नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून तो बार तिने सोसला की तिच्यावर शिक्का उमटवायचा, ही पद्धत लंडनच्या बंदूकसाज संघाने सतराव्या शतकात रूढ केली, आणि बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ पासून तेच काम करीत आले आहे. इटालियन प्रतिकृतींवर ताऱ्याखाली 'पीएन' ही अक्षरे असतात. त्यांचा अर्थ काळी दारू, म्हणजे ही नळी काळ्या दारूने परीक्षिलेली आहे आणि केवळ तिच्यासाठीच आहे. ही मोहोर नसलेल्या नळीवर विश्वास ठेवण्याचे काही कारण नाही. हे सांगावे लागते ते विशेषतः भारतात बनून परदेशी जाणाऱ्या शोभेच्या मस्कटींमुळे. त्या दिसायला हुबेहूब असतात, पण कान न पाडताच पाठवल्या जातात, म्हणजे त्या बार काढण्यासाठी नसतात. आणि तिकडे कोणी ग्राहक गिरमिटाने कान पाडून तिच्यात दारू भरतो तेव्हा त्या नळीचे पोलाद कोणते, तिचा सांधा कसा आणि मागचे बूच किती आटे बसलेले, यांतले काहीच त्याला ठाऊक नसते. ज्या गावात पोलादाची प्रत्येक पट्टी तिच्या परीक्षेच्या दाखल्यासह बाहेर पडते, त्या गावातल्या वाचकाला दाखल्याविना नळीवर भरवसा ठेवण्यातला धोका वेगळा समजावून द्यावा लागू नये.

कायद्याकडे वळताना प्रथम एक गैरसमज दूर करावा लागतो. अमेरिकेत जुन्या घडणीच्या ठासणीच्या बंदुकांना केंद्रीय कायद्यातून बरीच सूट आहे, आणि तिकडचे साहित्य वाचून ती सूट भारतातही असेल असे मानले जाते. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात कालबाह्य किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्रांना सूट आहे खरी, पण ते शस्त्र दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. बार निघणारी प्रतिकृती या सवलतीत बसत नाही. कायद्याच्या दृष्टीने ती पूर्ण बंदूक आहे आणि परवान्याविना जवळ ठेवणे हा गुन्हा आहे. याच कायद्याच्या १३ व्या कलमात ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे: खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी भारतीय नागरिकाला तिचा परवाना देण्याची तरतूद तिथे आहे, आणि ती अपुरी पडेल अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली तर त्याला दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. मात्र पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते आणि पिकाला उपद्रव देणाऱ्या प्राण्याला मारण्यासाठी त्या कायद्याच्या ११ व्या कलमाखाली वेगळा लेखी आदेश लागतो. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात, आणि २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना मागणाऱ्याने शस्त्र आणि दारूगोळा यांच्या सुरक्षिततेचे प्रशिक्षण घेतलेले असावे लागते. परदेशातून खासगी व्यक्तीने बंदूक आणणे नामांकित नेमबाजांसाठीची सवलत सोडली तर जवळपास बंदच आहे.

म्हणून भिलाईतल्या एखाद्या तरुणाला या विषयाची ओढ असेल तर त्याचा आरंभ ठासणीच्या बंदुकीपासून होणार नाही, आणि होऊही नये. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली आणि लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे पहिले अध्यक्ष होते. त्यांच्या नावाची नेमबाजी स्पर्धा आजही भरते. त्या संघटनेशी संलग्न क्लबात एअर रायफलवर काही महिने घालवले म्हणजे नळीचे तोंड सदैव सुरक्षित दिशेला ठेवणे, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवणे आणि मैदान-अधिकाऱ्याच्या आज्ञेविना शस्त्राला हात न लावणे या सवयी अंगवळणी पडतात, आणि या सवयी नसलेल्या माणसाने दारूला स्पर्श करण्यात काहीच अर्थ नाही. ०.१७७ इंच बोअरपर्यंतच्या आणि २० जूलच्या आतल्या एअर रायफलीला परवानाही लागत नाही.

आता भरण्याचा क्रम. पहिले काही दिवस दारूविनाच भरण्याचा सराव करावा, आणि तो सांगणारा अनुभवी माणूस शेजारी उभा असावा. बंदूक हाती घेताच ती रिकामी आहे की भरलेली, हे गजाने पाहायचे असते. गज नळीत तळापर्यंत सोडायचा, नळीच्या तोंडाशी त्यावर बोटाने खूण धरायची, मग गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून ताडून पाहायचा. गजाचे टोक कानाच्या रेषेत पोचले तर नळी रिकामी, आणि बोट-दीड बोट अलीकडे थांबले तर आत काहीतरी आहे. गजावर रिकाम्या नळीची एक आणि योग्य भरलेल्या नळीची दुसरी अशा दोन खुणा कायमच्या कोरून ठेवल्या, तर पुढच्या निम्म्या चुका त्या दोन रेघांनीच उघड होतात. पोलाद कारखान्यात यंत्र थांबलेले दिसले म्हणून कोणी त्यात हात घालत नाही, शटडाउनचा परमिट हाती असावा लागतो. ठासणीच्या बंदुकीत तो परमिट म्हणजे हा गज होय.

दारू नेहमी वेगळ्या मापात घेऊन मापातूनच नळीत ओतायची. दारूचे शिंग किंवा डबा थेट नळीला लावू नये, कारण आधीच्या बाराचा एखादा निखारा आत धुमसत राहिला असेल तर मापातली चिमूटभर दारू भडकून हात भाजेल, पण डबा लावलेला असेल तर सगळा डबाच हातात फुटेल. चेहरा आणि छाती नळीच्या रेषेबाहेर ठेवायची. मग तेलकट चिंधीत गुंडाळलेली गोळी तोंडाशी बसवून गजाने खाली न्यायची, आणि ती नेताना गजाचे वरचे टोक मुठीत धरून सगळे वजन टाकायचे नाही, तर नळीच्या तोंडापासून वीतभर वर गज धरून थोडेथोडे ढकलायचे. असे केल्याने लाकडी गज मोडून तळव्यात घुसत नाही. गोळी दारूवर टेकली पाहिजे, हा या साऱ्या क्रमातला मध्यवर्ती नियम आहे. दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी राहिली तर गोळी बुचासारखी अडते आणि त्या जागी नळी फुगते किंवा फाटते. गजावरची दुसरी खूण नळीच्या तोंडाशी आली म्हणजे गोळी टेकली, एवढाच त्याचा पुरावा. हाताला जाणवलेल्या अंदाजाला तिथे किंमत नाही. गज बाहेर काढून जागेवर ठेवल्याशिवाय केप किंवा रंजक हाती घ्यायचे नाही, आणि केप बसवायची ती बंदूक निशाण्याच्या दिशेला वळवल्यानंतरच. भरताना कोणी बोलायला आले तर भरणे थांबवावे आणि पुन्हा गजाच्या खुणेपासून सुरुवात करावी, कारण दारू दोनदा पडते किंवा पडतच नाही ती बहुधा अशा बोलण्याच्या वेळी.

डोळ्यांना चष्मा आणि कानांना बोळे याविना बार काढू नये. चकमकीच्या बंदुकीचा कान उजव्या बाजूला असतो आणि त्यातून ज्वालेचा फवारा आडवा निघतो, म्हणून उजव्या हाताला उभ्या असणाऱ्या माणसाला अंतर ठेवून उभे करावे. काळ्या दारूच्या रिव्हॉल्व्हरमध्ये एका घराची, म्हणजे गोळीच्या कप्प्याची, ज्वाला शेजारच्या घरात शिरून दोन-तीन बार एकदम उडण्याचा विशेष धोका असतो. गोळी घरात बसताना शिशाची बारीक कडी कातरून निघेल इतकी ती घट्ट असावी, तिच्यावर मेण-चरबीचा लेप किंवा मध्ये तेलात भिजवलेली फेल्टची चकती असावी आणि केपा सैल नसाव्यात. नवशिक्याने आरंभी रिव्हॉल्व्हर टाळणेच बरे.

चाप ओढला आणि बार झाला नाही, तर तो क्षण सर्वांत कठीण असतो, कारण माणसाचा सहज कल बंदूक खाली घेऊन पाहण्याकडे असतो. दारू ओली असेल किंवा कान चोंदला असेल तर आग आत सावकाश पोचते आणि बार काही क्षणांनी होतो, म्हणून नळी निशाण्याकडेच धरून किमान एक मिनिट, आणि काही मैदानांच्या नियमांप्रमाणे दोन मिनिटे, जागचे हलायचे नाही. त्यानंतर कान सुईने साफ करून नवे रंजक किंवा नवी केप घालावी. दारू घालायचीच विसरून गोळी ठासली गेली असेल, तर ती वायूच्या दाबाने किंवा गजाला लावलेल्या स्क्रूने काढतात, आणि ते काम जाणत्याने करावे.

उत्सवातल्या कोऱ्या बारांबद्दल दोन शब्द आवश्यक आहेत. जेजुरीच्या मर्दानी दसऱ्यात पालखीला बंदुकीच्या फैरींची मानवंदना दिली जाते, आणि शिवकालीन युद्धकलेच्या प्रात्यक्षिकांतही असे बार काढण्याची हौस वाढते आहे. गोळी नसली तरी ज्वाला, जळता कागद आणि चिंधी काही हात लांब जाते, आणि घाईत गज नळीतच राहिला तर तो भाल्यासारखा सुटतो. युरोप-अमेरिकेतल्या कित्येक पुनरभिनय मंडळांनी म्हणूनच रांगेत असताना गज काढायलाच मनाई केली आहे. ही मनाई आपल्याकडेही यावी, असे आग्रहाने सुचवावेसे वाटते.

दारूच्या साठवणीविषयी मराठीत एक असे लेखन आहे की जे या विषयाच्या प्रत्येक अभ्यासकाने पाहावे. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त, म्हणजे १७१५ च्या सुमारास, दुर्गांचा विचार करताना दारूखान्याचा तपशीलवार विचार केलेला आहे. दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा, त्याला ओल लागू नये, त्याच्याभोवती कुंपण असावे, तिथे राखणीला माणसे नेमावीत, ठरावीक दिवसांनी हवालदाराने साठा बाहेर काढून ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावे, हा त्याचा आशय आहे. तीनशे वर्षांपूर्वीच्या राजनीतीच्या ग्रंथाला आगीचे आणि ओलीचे हे भान असावे, यात त्या लेखकाची थोरवी आहे. कारण दारू फुटली तर किल्ला जातो आणि दारू दमली तरी किल्ला जातो, हे त्याने अनुभवलेले होते. आजच्या वाचकाने त्यातले ऊन देणे तेवढे सोडून द्यावे, कारण ओली झालेली दारू वाळवून वापरण्यापेक्षा परवानाधारक विक्रेत्याला विचारून नष्ट करवणे योग्य, पण बाकीचे सारे जसेच्या तसे पाळावे. दारू मूळ डब्यात, कुलपात, स्वयंपाकघरापासून आणि देवघरातल्या समईपासून दूर, मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी; केपा तिच्याबरोबर एका पेटीत कधीही ठेवू नयेत; आणि साठा परवान्यात मान्य असेल तेवढाच, शक्यतो त्याहूनही कमी ठेवावा.

शिशाच्या गोळ्या घरी ओतणाऱ्याला भिलाईत फार सांगावे लागणार नाही, कारण वितळलेल्या धातूत पाण्याचा थेंब पडला की काय होते हे या गावातल्या कित्येक घरांना ठाऊक आहे. शिशाचा धूर आणि धूळ पोटात जाऊ नये म्हणून मोकळ्या हवेत काम करावे, काम चालू असताना काही खाऊ नये आणि नंतर हात साबणाने धुवावेत, एवढे त्यात जोडावे.

काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन अवशेष म्हणून उरतो, आणि त्यातली पोटॅशियमची क्षारद्रव्ये हवेतली ओल शोषून नळीला गंज आणतात. छत्तीसगडच्या पावसाळ्यात हे काम एका रात्रीत होते. म्हणून बार काढलेल्या दिवशीच बंदूक साफ केली पाहिजे. रिकामेपणाची खात्री करून, नळी दस्त्यापासून सोडवून तिचे मागचे टोक कोमट साबणाच्या पाण्यात बुडवावे आणि गजाला गुंडाळलेली चिंधी वर-खाली ओढावी. पहिले पाणी शाईसारखे काळे आणि कुजक्या अंड्याच्या वासाचे निघते, दुसरे करडे आणि तिसरे स्वच्छ. मग कढत पाणी ओतून नळी तापू द्यावी म्हणजे ती आतून आपोआप वाळते, आणि कोरड्या चिंध्यांनंतर तेलाचा पातळ हात द्यावा. पुढच्या वेळी भरण्याआधी ते तेल मात्र पुसून काढावे, कारण खनिज तेल दारूच्या काजळीत मिसळून डांबरासारखे चिकट होते, आणि गोळी त्यात अर्ध्यावर अडकते.

शेवटी वारशाने आलेल्या बंदुकीचा प्रश्न उरतो. माळ्यावर किंवा देव्हाऱ्यामागे आजोबांची ठासणीची बंदूक असलेली घरे कोकणात आणि विदर्भात पुष्कळ आहेत, आणि तिथून नोकरीसाठी भिलाईला आलेल्या कुटुंबांपैकी काहींच्या गावच्या घरीही ती असू शकते. अशी बंदूक भरलेली असण्याची शक्यता नेहमी धरून चालावे. कोरडी राहिलेली काळी दारू अनेक दशकांनंतरही पेटते, आणि संग्रहालयांतल्या जुन्या बंदुकाही तपासणीत भरलेल्या निघाल्या आहेत. तिचा घोडा ओढून पाहू नये, कानात खिळा किंवा सुई घालू नये, नळीच्या तोंडात डोकावू नये, आणि ती घेऊन बसने किंवा आगगाडीने निघू नये. परवानाधारक निवर्तल्यावर किंवा परवान्याची मुदत संपल्यावर ती जवळ ठेवण्याचा अधिकार राहत नाही, आणि शस्त्र कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. वारसाला नंतर स्वतःच्या नावाने परवाना मागता येतो. ठाण्यात कळवताना बंदूक भरलेली असू शकेल हे पहिल्याच वाक्यात सांगावे आणि ती उचलण्यासाठी तिथल्या जाणत्या माणसाची वाट पाहावी.